रक्तलेप वाचताना: पेशीचा आकार आणि तिचे काम

डीएमएलटी हा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून मी विदर्भातील एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात रुजू झाले, तेव्हा रक्तपेशींच्या आकृत्या मला तोंडपाठ होत्या. लाल पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट; पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन ते पाच खंडांचे, इओसिनोफिलचे बहुधा दोन खंडांचे, मोनोसाइटचे मूत्रपिंडासारखे; परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळत. हे आकार असेच का, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. तो न पडल्यामुळे केवढी चूक होऊ शकते, हे मला पहिल्या दोन महिन्यांतच कळले. या कामात नव्याने येणाऱ्यांना ते आधीच कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एका सकाळी मी वाचत असलेल्या स्लाइडवर, म्हणजे काचेवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या पातळ लेपात, जवळपास प्रत्येक लाल पेशीच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक टोके आलेली दिसत होती. मी नोंदवहीत ‘बर सेल’ (टोकेरी लाल पेशी) असे लिहून मोकळी झाले. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड पाहिली आणि एवढेच विचारले, “नमुना कधीचा आहे?” नळी आदल्या दिवशी दुपारची होती. रुग्णाला बोलावून ताजे रक्त घेतले, लगेच लेप काढला, आणि त्यावर एकही टोकेरी पेशी नव्हती. मूत्रपिंडाच्या आजारातही अशा पेशी दिसतात. तो अहवाल तसाच गेला असता, तर डॉक्टरांचा तपास भलत्याच दिशेला वळला असता.

मॅडमनी त्या दिवशी जे समजावले, ते मी आजही प्रत्येक शिकाऊ मुलामुलीला सांगते. लाल पेशी अस्थिमज्जेत पक्व होताना आपले केंद्रक बाहेर टाकते आणि रक्तात आल्यावर दोन-एक दिवसांत मायटोकाँड्रियाही (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीचे भाग) गमावते. त्यामुळे सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन रेणूंना जागा मिळते आणि वाहून न्यायचा ऑक्सिजन ती स्वतःच वापरत नाही. पण मग तिच्याकडे ऊर्जेसाठी ग्लुकोज तोडण्याचा एकच मार्ग उरतो. नळीत तासन्‌तास पडून राहिल्यावर हा साठा आटतो, आणि पेशीला आपला तबकडीसारखा आकार टिकवता येत नाही. म्हणजे तो आकार साच्यातून काढल्यासारखा कायमचा नसतो, पेशी तो सतत सांभाळत असते. म्हणून शक्यतो रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत लेप काढावा, आणि टोकेरी पेशी दिसल्या तर आधी नळीवरची वेळ पाहावी.

तबकडीच का, याचे उत्तर आकड्यांत फार स्पष्ट दिसते. लाल पेशीचे घनफळ साधारण 90 घन मायक्रॉन असते. तेवढ्याच घनफळाचा गोल केला, तर त्याचा पृष्ठभाग सुमारे 97 चौरस मायक्रॉन भरतो; प्रत्यक्षात पेशीचा पृष्ठभाग 140 चौरस मायक्रॉनच्या आसपास असतो. सैल शिवलेल्या कपड्यात अंग सहज वळावे, तशी ही पेशी जादा आवरणामुळे वळते आणि दुमडते. तिचा व्यास सात ते आठ मायक्रॉन असतो आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात, शिवाय जुन्या पेशी गाळणाऱ्या प्लीहेतील फटी तर एखाद्या मायक्रॉनच्या असतात. या वाटेने ती सुमारे 120 दिवस ये-जा करते. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात आवरण थोडे थोडे गळत जाते आणि पेशी गोल होते. तिच्यात हिमोग्लोबिन पुरेसे असते, तरीही ती प्लीहेत अडकते आणि नष्ट होते. स्लाइडवर मध्यभागचा फिकटपणा नसलेली, लहान, गडद पेशी दिसली की ही अडकलेली वाट आठवावी.

आमच्या भागात या विषयावर थांबावेच लागते, कारण सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आमच्याकडे रोज येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण ऑक्सिजन सोडल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी होते. हे एकदा तरी डोळ्यांनी पाहावे. सोडियम मेटाबायसल्फाइटच्या ताज्या द्रावणात रक्ताचा थेंब मिसळून वर काचपट्टी ठेवली आणि कडा बंद केल्या, की आतला ऑक्सिजन संपत जातो, आणि काही वेळापूर्वी गोल दिसलेल्या पेशी एकेक करून टोकदार होऊ लागतात. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा ‘अंगात कळा येतात’ म्हणणाऱ्या लहान मुलांचे दुखणे मला खऱ्या अर्थाने समजले.

येथे नवख्यांकडून एक चूक हमखास होते. वाहक व्यक्तीच्या, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेल्या व्यक्तीच्या, साध्या रक्तलेपात विळ्यासारख्या पेशी सहसा दिसतच नाहीत, त्यामुळे लेप स्वच्छ आहे म्हणून सिकलसेल नाही, असे कधीही लिहू नये. सिकल हिमोग्लोबिन द्रावणात विरघळत नाही, हे पाहणारी विद्राव्यता चाचणी गढूळ आली तरी वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांनीच ठरते. आणि सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त असल्याने विद्राव्यता चाचणी भरवशाची नसते.

पांढऱ्या पेशीकडे पाहतानाही तिला कुठे जायचे आहे, हाच प्रश्न विचारावा. न्यूट्रोफिलला रक्तवाहिनीची भिंत ओलांडून जंतूंपर्यंत पोहोचायचे असते आणि खंडांत विभागलेले, मऊ केंद्रक तशा अरुंद फटीतून सहज निघते. जंतू मारण्याची सामग्री तिच्या कणिकांत आधीच भरलेली असते. लहान लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीत मात्र जवळजवळ सगळे केंद्रकच दिसते, कारण ती बहुतेक वेळ वाट पाहत असते. तिला तिचा जंतू ओळखू आला की ती मोठी होते, केंद्रकाभोवतीचा भाग वाढतो आणि लेप रंगवण्याच्या लिशमन रंगात गडद निळा दिसतो. तो निळेपणा प्रथिने बनवणाऱ्या आरएनएचा असतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या स्लाइडवर अशा पेशी भरपूर दिसतात. शांत लिम्फोसाइटचे केंद्रक आणखी एका कामी येते: ते साधारण निरोगी लाल पेशीएवढे असते, त्यामुळे शेजारच्या लाल पेशी त्याहून लहान दिसल्या, तर एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशीच्या सरासरी घनफळाचा, आकडा पाहण्याआधीच लोहाच्या कमतरतेची शंका घेता येते.

प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशी नव्हे, तो अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशीचा दोन-तीन मायक्रॉनचा तुकडा आहे. शांत असताना तिला सूक्ष्मनलिकांचे कडे तबकडीसारखे धरून ठेवते. जखम झाली की ती गोल होते, पाय फुटल्यासारखे धागे बाहेर काढते आणि शेजारणीला चिकटते. हे चिकटणे काही व्यक्तींच्या रक्तात ईडीटीए या गोठणरोधकाच्या जांभळ्या झाकणाच्या नळीतही होते. एका ऑगस्टमध्ये एका तरुणाचा यंत्रावरचा आकडा 38,000 आला होता आणि घरचे लोक घाबरून प्लेटलेटच्या पिशवीची चौकशी करत होते. त्याच्या अंगावर लाल ठिपके नव्हते, हिरड्यांतून रक्त नव्हते. मी लेपाचे पिसासारखे टोक पाहिले, तर तिथे प्लेटलेटचे पुंजकेच्या पुंजके होते, जे यंत्राने मोजलेच नव्हते. निळ्या झाकणाच्या, सायट्रेट हे दुसरे गोठणरोधक असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतले, नळीतल्या द्रवाने रक्त पातळ झाल्यामुळे होणारी घट भरून काढण्यासाठी आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणले, आणि संख्या दोन लाखांच्या वर भरली. अहवालावर ‘ईडीटीएमुळे पुंजके, सायट्रेट नमुन्यावर मोजणी’ असे लिहून मी तो वॉर्डात स्वतः नेऊन दिला.