सगळंच ‘भंगार’ नसतं : इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात या चुका टाळा

जळगाव एमआयडीसीत शेतीपंपाच्या ऑटो-स्टार्टरची आणि एलईडी ड्रायव्हरची बोर्डं भरणाऱ्या (सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणाऱ्या) एका कारखान्यात मी स्टोअर बघतो. कचऱ्याचं काम मला कुणी दिलं नव्हतं. भंगाराच्या गोण्या माझ्याच दारासमोर रचलेल्या असायच्या, म्हणून ते गळ्यात पडलं. एकदा वैतागून एक गोणी उपडी केली. करपलेली बोर्डं, सुट्या भागांची रिकामी रीलं, आयपीएने (बोर्ड पुसायच्या अल्कोहोलने) ओल्या चिंध्या, चार बटन सेल, सोल्डरची (डाख देण्याच्या धातूची) राख आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडा. भंगारवाला शेजारीच उभा होता. “भाऊ, सगळं एकत्रच द्या, एकच भाव लावतो.”

एकच भाव म्हणजे गोणीतल्या सगळ्यात हलक्या मालाचा भाव. आणि कायद्याच्या नजरेत त्या गोणीत चार वेगवेगळ्या नियमांचा माल होता.

राख म्हणून फेकलेलं कथील

सगळ्यात महागडी चूक वेव्ह सोल्डरिंगच्या मशीनवर, म्हणजे पॉटमधल्या वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेतात तिथे, होते. वितळलेल्या सोल्डरवर करडी साय धरते, तिला आपण ड्रॉस म्हणतो. नवा पोरगा आला की झारा हातात घेऊन विचारतोच, “भाऊ, हाई राख फेकी देऊ का?” दिसायला राखच. पण वजनात बहुतेक धातूच असतो, त्याच्याभोवती ऑक्साइडचा पापुद्रा. कल्हईवाला भांड्याला लावायचा तेच हे कथील.

शिसेविरहित सोल्डरमध्ये साधारण ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. जुन्या सोल्डरमध्ये ६३ टक्के कथील, बाकी शिसं. दोन्हींचा ड्रॉस एका डब्यात गेला की चांदीचा भाव विसरा. म्हणून झाकणाचे दोन डबे, दोन रंग, आणि झारेही दोन. झाऱ्याचं लोकांना पटत नाही. पण शिशाच्या पॉटमधला झारा दुसऱ्या पॉटमध्ये फिरला, तर बिघाड कचऱ्यापुरता राहत नाही. तयार मालात शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, ती ओलांडली की अख्खा लॉट अडकतो.

ड्रॉस अचानक वाढला तर आधी बघा, जेवणाच्या सुट्टीत लाट चालू राहते का. मग पॉटचं तापमान बघा. मग बघा, साय काढताना झाऱ्याबरोबर चांगलं सोल्डरही ओढलं जातंय का. आमच्याकडे एकदा फक्त रात्रपाळीत ड्रॉस वाढायचा. ऑपरेटरवर ओरडून झालं, काही फरक नाही. शेवटी सापडलं की लाटेआधी बोर्ड तापवणाऱ्या प्रीहीटरची एक कॉइल गेली होती. बोर्ड थंडच लाटेवर जायचं, टाका भरायचा नाही, म्हणून तो बिचारा पॉटचं तापमान चढवायचा. हे कळलं ते वजनाच्या वहीमुळे : पाळीला किती सोल्डर बार गेले, किती बोर्डं झाली, किती ड्रॉस निघाला. तीन रकाने पुरतात.

रीलं चटईवाल्याला विकू नका

ही खास जळगावची चूक. इथे प्लास्टिकच्या चटयांचा धंदा मोठा, त्यामुळे जुन्या प्लास्टिकचा दाणा करणारे भरपूर आणि प्लास्टिक दिसलं की गिऱ्हाईक तयार. पण चटई पॉलिप्रॉपिलिनची, आणि आपली कॉम्पोनंटची रीलं बहुतेक पॉलिस्टायरिनची. दोन्ही एकत्र वितळवली तरी एकजीव होत नाहीत. दाणा ठिसूळ निघतो, धागा तुटतो, आणि तो माणूस पुन्हा आपल्या दारात येत नाही. ओळखायला बादलीभर पाणी पुरे : पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, पॉलिस्टायरिन बुडतं. चंदेरी अँटिस्टॅटिक (स्थिर विजेपासून बोर्ड जपणाऱ्या) पिशव्या तर दोन्हीकडे चालत नाहीत. त्यांत धातूचा थर असतो, वेगळ्याच ठेवा. ट्रे मात्र धड असतील तर पुरवठादाराला परत घ्यायला लावा.

पेस्ट वाया जाते ती मशीनवर नाही, वाटेत

वाया गेलेल्या सोल्डर पेस्टचे (थंडच ठेवावा लागणारा सोल्डरचा लगदा) डबे साठत असतील, तर आधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात डोकावा. ५०० ग्रॅमचे डबे बर्फाच्या पाकिटांसह थर्माकोलमध्ये येतात. मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी आलेला खोका आम्हाला सोमवारी मिळाला. पारा ४४ वर, बर्फाचं कोमट पाणी झालेलं. छापील मुदत बाकी होती, पेस्ट मात्र मेली होती. आता उन्हाळ्यात ऑर्डर सोमवारी-मंगळवारीच निघते, आणि कमी, पण वारंवार मागवतो.

नव्वद की एकशे ऐंशी?

रिजेक्ट बोर्डं ई-कचरा. एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ती १८० दिवसांपर्यंत ठेवता येतात. आयपीएच्या चिंध्या, रसायनांचे रिकामे कॅन, वापरलेलं सॉल्व्हंट मात्र २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं, तिथे मुदत ९० दिवस. बहुतेक जण दोन्हींना एकच तारीख लावतात आणि तपासणीत सापडतात.

आपली खरी अडचण अंतराची. घातक कचऱ्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं तळोजा, रांजणगावकडे, आणि एका लहान कारखान्याचा तीन महिन्यांचा माल म्हणजे दोन ड्रम. त्यासाठी कोण ट्रक पाठवणार? शेजारच्या कारखान्यांशी बोलून उचलायचा दिवस एकच ठरवा, मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा कागद) मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र. तरी जमत नसेल तर मुदत संपण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वाढ मागा, लहान कारखान्याला ती मिळू शकते. घातक कचऱ्याचा फॉर्म ४ मधला वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत.

‘आम्ही सूक्ष्म उद्योग, आम्हाला काही लागू नाही’ हे अर्धसत्य आहे. सूट ई-कचरा नियमांतून आहे, घातक कचऱ्यातून नाही. आणि उलाढाल १० कोटींच्या किंवा गुंतवणूक अडीच कोटींच्या वर गेली की तुम्ही सूक्ष्म राहत नाही.

बोर्डं घेणाऱ्याने जुनं ‘डिसमँटलर’चं (फक्त माल सुटा करणाऱ्याचं) परवानापत्र दाखवलं तर थांबा. नव्या नियमांत तो प्रकारच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिसायकलर म्हणून नाव आहे का ते त्याच्यासमोरच बघा.

सेल पत्र्याच्या शेडमध्ये

बटन सेल आणि लिथियम बॅटऱ्या बोर्डांच्या गोणीत टाकू नका. एका सेलची दोन टोकं बोर्डाच्या तांब्यावर टेकली की शॉर्ट होतं, आणि खाली आयपीएची चिंधी असेल तर पुढचं सांगायला नको. टोकांना टेप लावा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. बॅटऱ्यांचे नियमही वेगळे आहेत, २०२२ चे. डबा कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी मे महिन्यात दुपारी दोन वाजता शेडच्या पत्र्याला एकदा हात लावून बघा. आमचा डबा आता बाहेरच्या भिंतीलगत सावलीत असतो, जिथे आधी मॅनेजरची मोटरसायकल लागायची. ते अजून कुरकुरतात.