वाचलं, पण उत्तर राहिलं?

कामाच्या गडबडीत व्हॉट्सॲपवरचा मेसेज उघडायचा, ‘नंतर बघू’ म्हणायचं आणि साफ विसरून जायचं, हे रोजचंच. दोष स्मरणशक्तीचा नाही. मेसेज उघडला की हिरवा ठिपका जातो आणि नवे मेसेज आले की ते चॅट यादीत खाली ढकललं जातं.

अशा वेळी तो मेसेज पुन्हा ‘न वाचलेला’ करून ठेवा. अँड्रॉइडवर यादीतल्या त्या चॅटवर बोट दाबून धरा आणि वरच्या तीन ठिपक्यांतून ‘मार्क ॲज अनरीड’ निवडा. आयफोनवर चॅट उजवीकडे सरकवलं की झालं. हिरवा ठिपका परत येतो. निळ्या टिका मात्र तशाच राहतात, त्यामुळे ‘मी पाहिलंच नाही’ ही थाप चालणार नाही!

हातातलं काम संपलं की यादीच्या वरचा ‘अनरीड’ फिल्टर दाबा. गप्पांचे ग्रुप तिथेही गर्दी करतात, ते सरळ अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवा. सेटिंग्जमधलं ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ते वर येत नाहीत.