राजगड ते तोरणा : एकट्याने, ऑक्टोबरच्या लहरी हवेत

परतीच्या पावसाच्या दिवसांत सकाळ लख्ख उजाडते आणि दुपारी तीनच्या सुमारास ढग गडगडू लागतात. या दिवसांत गुंजवण्यातून राजगड चढून, डोंगरधारेने तोरण्यावर जाऊन वेल्ह्यात उतरायचे, तर चालण्याचे आठ-दहा तास धरावेत. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणून पायथा पहाटेच, विजेरीच्या उजेडात सोडावा. दुपारच्या विजा सुरू होण्याआधी तोरण्याची बुधला माची मागे पडलेली असावी, असा हिशेब ठेवावा.

वाट, निघण्याची वेळ आणि वेल्ह्यात पोहोचण्याची शेवटची वेळ घरी लिहून द्यावी आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून कोणाला कळवायचे, तेही ठरवून ठेवावे. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, तेव्हा राजगडाच्या पद्मावती माचीवरून निघताना तीन लिटर पाणी सोबत असावे. सॅकला बाहेरून घातलेले रेनकव्हर माचीवरच्या वाऱ्यात शिडासारखे फुगते आणि तोलही घालवते. त्यापेक्षा कोरडे कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत ठेवावेत. सुती बनियन भिजले की अंगाला चिकटून थंडी भरवते, ते घरीच राहू द्यावे.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडल्यावर उतार घसाऱ्याचा आहे. पावसाने काळवंडलेल्या, हिरवट झाक असलेल्या गुळगुळीत कातळावर पाय न टाकता खडबडीत, करड्या दगडावर टाकावा आणि गवताला धरून उतरू नये, कारण मुळांखालची माती भिजून सुटलेली असते. पुढे धार साधारण वायव्येकडे जाते. धुके उतरले की ढोरवाटा हमखास फसवतात, कारण गुरे चाऱ्यासाठी फिरतात, तोरण्याला जाण्यासाठी नव्हे. दहा मिनिटांत खूण दिसली नाही, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत यावे. दरीत उतरणारी वाट कितीही मळलेली असली, तरी धुक्यात ती धरू नये.

दिवसाचा खरा निर्णय खिंडीत घ्यायचा असतो. इथे भुतोंड्याचा डांबरी रस्ता धारेला छेदतो आणि त्याने वेल्ह्याच्या बाजूला उतरता येते. तोरण्याच्या चढात इतकी सोपी सुटका पुन्हा नाही, म्हणून खिंड गाठण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी. माझी वेळ साडेबाराची आहे. ती टळली किंवा पश्चिमेला ढगांचे मनोरे चढताना दिसले, की मी रस्ता धरतो, मग समोर बुधला कितीही जवळ भासो. एकट्या माणसाला मागे फिरा म्हणणारे कोणी नसते, तेवढे काम घड्याळाकडून करून घ्यावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी धारेवरून, एकट्या झाडापासून आणि लोखंडी शिडीपासून दूर होऊन खालच्या बाजूला सरकावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. बुधल्याखालचा कातळटप्पा ओला असेल तर दोन हात मोकळे हवेत, म्हणून काठी सॅकला बांधून टाकावी. पाय मुरगळला तर मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट शांतता, हा मदतीचा संकेत देत राहावे. रेंज असेल तिथे ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा.

तोरण्यावरच्या मेंगाई देवीच्या मंदिरापाशी पोहोचलात म्हणजे दिवस सरला असे नाही. बिनी दरवाजाखालची वेल्ह्याची उतरण बरीच उभी आहे आणि थकलेले गुडघे तिथेच दगा देतात, तेव्हा मंदिरापाशी वीस मिनिटे बसून, खाऊन, बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधून मगच उतरायला लागावे.