वाई–पाचगणी–वाई: कृष्णाकाठची सपाटी, पसरणीचा घाट आणि उताराची खरी तयारी

वाईहून पाचगणीला पसरणीच्या घाटाने चढून जायचे आणि त्याच रस्त्याने धावत परत यायचे, ही सातारा जिल्ह्यातली माझी सर्वांत आवडती लांब धाव आहे. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटरवर, पाचगणी सुमारे 1300 मीटरवर आणि मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. म्हणजे दर किलोमीटरला साधारण 45 ते 50 मीटरांचा चढ आणि परतताना तेवढाच उतार. ज्यांना दहा किलोमीटर न थांबता धावता येते आणि ज्यांनी निदान दोन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. या मार्गाविषयी जो तो चढाची भीती घालतो, पण माणूस इथे जायबंदी होतो तो उतारात. म्हणून उताराविषयी मी सविस्तर लिहिणार आहे आणि बाकीचे थोडक्यात.

दिवस आणि वेळ

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर देखणा दिसतो, पण धुके, निसरडा डांबरी रस्ता आणि दरडी यांमुळे जून ते सप्टेंबर मी हा घाट टाळतो. वाईत कोरडे असले म्हणजे वरही तसेच असेल, असे समजू नये. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि वाईच्या वाट्याला त्याचा पाव हिस्साही येत नाही. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. पौष पौर्णिमेच्या सुमारास मांढरदेवीची यात्रा असते आणि रंगपंचमीला बावधनचे बगाड निघते. त्या दिवसांत वाईच्या रस्त्यांवर धावण्याचा बेत करू नये. पहाटे साडेपाचला कपाळावर दिवा लावून निघाल्यास वाहतूक वाढण्याआधी परतता येते.

घाटाच्या आधी नदीकाठ

घाट करण्यापूर्वीच्या आठवड्यात वाई–मेणवली–धोम ही सपाट धाव एकदा तरी करावी. ढोल्या गणपतीच्या घाटावरून निघावे. पुराच्या पाण्याचा जोर फुटावा म्हणून या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, ती निघण्याआधी जरूर पाहावी. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा घाट लागतो. वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथेच आहे. पुढे धोमला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी पाहून परत फिरावे. या धावेत वेगाचा विचार करू नये.

चढ

चढ घड्याळ पाहून धावू नये, श्वास पाहून धावावा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर चालावे. पावले आखूड ठेवावीत आणि कमरेतून वाकू नये. समोरून येणारी वाहने दिसतील अशी रस्त्याची उजवी बाजू धरावी; मात्र आतल्या बाजूच्या आंधळ्या वळणावर चालकाला आपण दिसत नाही, म्हणून वळणाच्या बरेच आधी, दोन्हीकडे पाहून, बाहेरच्या बाजूला जावे. खाण्याची वस्तू हातात दिसू देऊ नये. कठड्यावरची माकडे ती हिसकावून नेतात. मागे वळून धोमचा जलाशय आणि पलीकडचा पांडवगड पाहायचा असेल, तर थांबून पाहावा.

उतार

मी हा घाट पहिल्यांदा केला तेव्हा चढ अपेक्षेहून सहज झाला आणि पाचगणीला सिल्व्हर ओकच्या सावलीत चहा घेताना अर्धे काम संपले असे मला वाटले. मला मिळालेला सल्ला असा होता की, उतारावर अंग मागे झुकवावे, टाच रोवावी आणि वेग आवरत यावे. मी तो तंतोतंत पाळला. आठव्या किलोमीटरला मांड्या थरथरू लागल्या, दहाव्याला गुडघा धरेनासा झाला आणि शेवटचे अंतर मी कठड्याला हात लावत चालत उतरलो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना, तिसऱ्या दिवशी दुखणे आणखी वाढले आणि पुढचे दोन आठवडे धावणे बंद राहिले. तो सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि नवख्या धावकांचे त्यापायी नुकसान होते.

कारण समजून घेतले तर पुढचे सारे सोपे जाते. उतारावर पाऊल टेकते तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला शरीराचा भार पेलता पेलता लांबावे लागते आणि ताणले जात असतानाच जोर लावावा लागल्याने त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. किलोमीटरला हजारभर पावले धरली, तर पाचगणीहून वाईपर्यंत हे बारा हजार वेळा घडते. पाऊल शरीराच्या पुढे, सरळ गुडघ्याने आणि टाचेवर टाकले की प्रत्येक पावलाला करकचून ब्रेक लागतो आणि ही इजा कितीतरी वाढते. अंग मागे झुकवल्यावर पाऊल आपोआप पुढेच पडते. म्हणून त्या सल्ल्यातच दुखापतीचे मूळ आहे.

योग्य पद्धत अशी: पाऊल शरीराच्या बरोबर खाली पडू द्यावे आणि टेकताना गुडघा किंचित वाकलेला असावा. अंग घोट्यापासून अगदी थोडे पुढे झुकू द्यावे; कमरेत वाकणे हा पुढे झुकण्याचा प्रकार नव्हे. पावले आखूड आणि ठेका जलद ठेवावा. सपाटीवर मिनिटाला माझी 165 च्या आसपास पावले पडतात, उतारावर मी ती 175 ते 180 पर्यंत नेतो. नजर पायांपाशी न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे असावी आणि तोलासाठी कोपरे थोडी बाहेर असली तरी चालतात. हे जमते आहे की नाही हे ओळखण्यासाठी कानांवर भरवसा ठेवावा. पावलांचा आवाज थाप मारल्यासारखा येत असेल, तर तुम्ही ब्रेक लावत आहात. आवाज हलका आणि भराभर येऊ लागला की ठीक चालले आहे असे समजावे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चढावर दम लागतो आणि तोच आपल्याला आवरतो. उतारावर श्वास शांत असतो, नाडी उतरलेली असते आणि मांड्यांचे नुकसान मात्र निमूटपणे साठत जाते. त्या वेळी शरीर कोणतीही सूचना देत नाही. म्हणून पहिले तीन किलोमीटर, कितीही मोकळे वाटले तरी, वेग मुद्दाम हातचा राखून उतरावे. मी सपाटीवरच्या माझ्या सहज वेगाहून किलोमीटरला दहा सेकंदांपेक्षा अधिक वेगाने उतरत नाही आणि सोबत्यांनाही उतरू देत नाही. तीव्र वळणांच्या आतल्या कडेला उतार सर्वांत खडा असतो. वाहन नसेल तेव्हा बाहेरच्या बाजूने वळण घ्यावे, गुडघ्यावरचा ताण जाणवण्याइतका कमी होतो.

आता सराव. नशीब असे की, स्नायू हा धडा लवकर शिकतो. एकदा बेताचा उतार धावून झाला की पुढचे काही आठवडे तशाच उताराने होणारी इजा बरीच कमी असते. म्हणून घाटाच्या सहा आठवडे आधीपासून सराव सुरू करावा. पहिल्यांदा चारशे मीटरांचा उतार चार वेळा, दहा दिवसांनी सलग दोन किलोमीटर, त्यानंतरच्या दहा दिवसांनी पाच किलोमीटर, आणि शेवटचा मोठा उतार मुख्य धावेच्या बारा-चौदा दिवस आधी. पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीकडचा रस्ता आहे. जिने चढून घाटाची तयारी होते, असे सांगणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, मग उतरायचा सराव कधी करणार? सपाटीवर चालणाऱ्या ट्रेडमिलवरही तो होत नाही. मांड्यांच्या बैठका उपयोगी आहेत, पण त्या उताराची जागा घेऊ शकत नाहीत.

बुटांच्या पुढच्या टोकात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि माथ्यावर पोचल्यावर नाड्या घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधाव्यात, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. पायाची नखे दोन दिवस आधी कापावीत. काळी पडलेली नखे शौर्याची खूण मानण्याचे काही कारण नाही. तो चुकीच्या मापाचा पुरावा आहे.

वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याचा विचारही करू नये. घाम गेलेल्या, पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि इशारा देणारी वेदनाच दडपली जाते. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील, तर दोन-तीन दिवसांत दुखणे शिगेला पोचून ओसरते. गुडघ्यात एकाच ठिकाणी टोचणारी वेदना असेल, तर तिथेच चालायला लागावे आणि ती पुढेही टिकली तर तपासणी करून घ्यावी. नंतरच्या दिवसांत लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्नायूंची फार मोठी झीज झाल्याचे ते लक्षण असू शकते.

घाट संपल्यावर

पसरणी गाव लागले की रस्ता सपाट होतो आणि पाय एकाएकी जड वाटू लागतात. ठेका तोच ठेवून वेग पडू द्यावा. वाईत पोचल्यावर लगेच बसू नये; गणपतीच्या घाटापर्यंत दहा मिनिटे चालावे, पाणी आणि काहीतरी खारट घ्यावे. दुसऱ्या दिवशी अर्धा तास सपाटीवर चालावे आणि पुढचा आठवडाभर एकही उतार धावू नये. हा घाट पुन्हा करायचा असेल, तर मी मधे निदान तीन आठवडे ठेवतो.