भूसंपादनाची नोटीस आली? आधी तारीख बघा, मग रेट

नोटीस आली की घरात दोनच चर्चा सुरू होतात, एक "किती मिळणार" आणि दुसरी "एक गुंठा देणार नाही". दोन्ही नंतर करा. आधी नोटिशीत कायदा कोणता आणि कलम कोणतं लिहिलंय ते बघा, कारण तुमची मुदत त्यावर ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली कलम ११ ची (प्राथमिक) अधिसूचना असेल तर हरकतीला ६० दिवस मिळतात, पण जमीन नॅशनल हायवेत जात असेल तर १९५६ चा हायवे कायदा लागतो आणि तिथे गॅझेटमध्ये कलम ३ए ची अधिसूचना छापून आल्यापासून फक्त २१ दिवस. दोन्हीकडे दिवस मोजायचे ते अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून, कागद तुमच्या हातात पडल्यापासून नाही. त्यामुळे पेपरात बारीक अक्षरात गटनंबरांची जाहिरात दिसली की तलाठी घरी येऊन सांगेल म्हणून बसून राहू नका.

हरकत लेखीच द्यायची. गटनंबर, क्षेत्र, "कलम १५ प्रमाणे हरकत घेत आहे" (हे कलम २०१३ च्या कायद्याचं) आणि खाली "मला समक्ष सुनावणी द्यावी" ही ओळ, ती विसरायची नाही. कारणं लिहिताना वाडवडिलांची जमीन, भावना वगैरे एका ओळीत आटपा, तिथे बघतात ते हेच की काम खरंच सार्वजनिक आहे का, एवढं क्षेत्र लागतं का आणि हीच जागा योग्य आहे का. म्हणजे "शेजारी पडीक गट आहे, आखणी तिकडून नेली तर विहीर वाचते" असं लिहा आणि गावनकाशावर पेनाने दाखवा. ओलिताची, वर्षात एकापेक्षा जास्त पिकं घेणारी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असं कलम १० म्हणतं खरं, पण रस्ता, रेल्वे, कालवा असल्या लांबट प्रकल्पांना ते लागत नाही, आणि महाराष्ट्राने २०१८ मध्ये दुरुस्ती करून आणखी काही प्रकल्पांना सूट देता येईल अशी सोय करून ठेवलीय, म्हणून फक्त त्या एका मुद्द्यावर सगळी भिस्त नको.

दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घ्यायचा. माझ्या वेळी टेबलावरचे साहेब म्हणाले "ठेवा, शिक्का नंतर मारतो". मी तिथेच बाकावर पाऊण तास बसून राहिलो, शेवटी कंटाळून मारला. पुढे सुनावणीत हेच ऐकायला मिळालं की फाईलला तुमची हरकतच नाहीये, मग ती शिक्क्याची प्रत काढून दाखवली.

संयुक्त मोजणीच्या (सरकारी खाती एकत्र येऊन जमीन मोजतात त्या) दिवशी काहीही करून शेतात हजर राहा. खरा मोबदला तिथे बुडतो. आमच्याकडे आंब्याची मोठी, फळं धरणारी झाडं कागदावर "इतर झाडे" म्हणून आली होती आणि जमिनीखालची पाईपलाईन तर आलीच नव्हती, कारण ती दिसत नाही. विहीर, बोअर, पाईपलाईन, शेड, झाडांची जात, वय, संख्या, सगळं पंचनाम्यात लिहून घ्या, नाही लिहिलं तर सही करताना बाजूला "हरकतीसह" लिहा आणि त्याच दिवशी फोटो जोडून अर्ज द्या. सातबारावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव असेल तर वारस नोंदीला आजच लागा. आणि हेही लक्षात ठेवा, कलम ११ ची अधिसूचना निघाल्यावर कलेक्टरच्या परवानगीशिवाय जमिनीचा व्यवहार करता येत नाही.

आता सरकारची घड्याळं. कलम ११ नंतर १२ महिन्यांत कलम १९ ची (जमीन घेणार असल्याची) घोषणा आणि त्यानंतर १२ महिन्यांत निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), नाहीतर प्रक्रिया रद्द होते. मुदतवाढ देता येते पण ती कारणं लिहूनच, आणि कोर्टाचा स्टे असलेला काळ कलम १९ च्या मुदतीत धरत नाहीत. माहिती अधिकारात पूर्ण फाईल, टिपणीसह, काढा आणि तारखा एका कागदावर ओळीने मांडा. हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट (सरकारी निर्णयाविरुद्धची याचिका) टाकायची तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागेल. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, पण घटनेचं कलम ३००अ (कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही) आहेच, आणि २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, योग्य भरपाई हे सगळं त्या हक्कातच येतं. फक्त रिटला उशीर करू नका. निवाडा झाला, कब्जा गेला, मग जाग आली असं झालं की कोर्ट पहिला प्रश्न "इतके दिवस कुठे होता" हाच विचारतं.

पैशाचं म्हणाल तर आजूबाजूच्या गावांतल्या तशाच जमिनींचे आधीच्या ३ वर्षांतले इंडेक्स टू (खरेदीखतांच्या नोंदणीचे उतारे) काढा. कायद्यात सरासरी धरतात ती सगळ्या खरेदीखतांची नाही, त्यातल्या जास्त किमतीच्या अर्ध्या खतांची, आणि हे ऑफिसात आपणहून कुणी सांगत नाही. त्यावर १०० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतली म्हणून मिळणारी जादा रक्कम). हायवेच्या केसमध्येही सोलेशियम मिळतं, आणि २०१५ च्या आधीच्या हायवे संपादनांनाही ते २०१९ च्या तरसेम सिंग निकालाने मिळालं. रक्कम उचलताना पावतीवर "हक्क राखून, हरकतीसह" लिहा, कारण निवाडा मान्य केला की कलम ६४ खाली वाढीव मोबदला मागायची वाट बंद होते. ती मुदतही आखूडच, निवाड्यावेळी हजर असाल तर ६ आठवडे. हायवेला मात्र लवादाकडे जायचं.

शहरातल्या प्लॉटवर डीपीचं (शहराच्या विकास आराखड्याचं) आरक्षण पडून असेल तर एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं) कलम १२७ बघा. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतलीच नाही तर खरेदी नोटीस ("जागा घ्या, नाहीतर सोडा" अशी मालकाची नोटीस) देता येते, त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पाऊल उचललं नाही तर आरक्षण जातं. पाऊल म्हणजे संपादनाच्या घोषणेपर्यंतचं, नुसती पत्रापत्री किंवा सभेचा ठराव चालत नाही, हे २००७ च्या गिरनार ट्रेडर्स निकालात आलंय. नोटिशीला मालकीचे कागद जोडायला मात्र विसरू नका, ते नसले की नोटीसच अपुरी म्हणून बाजूला ठेवतात.