आरए फॅक्टरचा रिपोर्ट हातात आल्यावर

मी नौपाड्यात राहते, माझी जाऊ ऐरोलीला. दोघींनाही आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला आरए म्हणतात तो. यात रक्तातल्या दोन अँटीबॉडी तपासतात, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी. माझ्या दोन्ही खूप वाढलेल्या, तिच्या दोन्ही निगेटिव्ह. औषधाची सुरुवात सारखीच झाली, पण लक्ष कशावर ठेवायचं ते मात्र दोघींचं वेगळं.

आधी आकड्याशेजारी छापलेली लॅबची मर्यादा बघा. तिच्या तिपटीहून जास्त आकडा म्हणजे 'हाय पॉझिटिव्ह'. डॉक्टर वापरतात त्या २०१० च्या निकषांत १० पैकी ६ गुण झाले की आजार आरएमध्ये धरतात. हाय पॉझिटिव्हला त्यातले ३ गुण आयतेच मिळतात, निगेटिव्हला शून्य. त्यामुळे निगेटिव्ह माणसाचे दहाहून जास्त सांधे धरल्याशिवाय गुण सहसा भरत नाहीत आणि निदान रेंगाळतं. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी बोटांची पेरं सुजत असतील, सकाळी सांधे तासभर आखडत असतील तर घरी बसू नका, संधिवाततज्ज्ञच गाठा. उलट नुसता आरए फॅक्टर वाढला म्हणून घाबरूही नका. हिपॅटायटिस सी, टीबी किंवा नुसतं वय झालं तरी तो वाढतो. अँटी-सीसीपी जास्त भरवशाचा.

पॉझिटिव्ह असाल तर हाडं झिजण्याचा धोका जास्त, म्हणून हातापायांचे एक्स-रे सुरुवातीलाच काढून जपून ठेवा, पुढचे त्यांच्याशी ताडून बघता येतात. कोपरापाशी गाठी येतात का पाहा. कोरडा खोकला रेंगाळला किंवा ठाणे स्टेशनचा जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागला, तर तो वयावर ढकलू नका. या आजारात फुप्फुसंही धरली जातात. सिगारेट-विडी असेल तर ती सुटायलाच हवी.

निगेटिव्ह म्हणजे सौम्य, हा समज मला फार घातक वाटतो. सुरुवातीची सूज कधी कधी पॉझिटिव्हपेक्षाही जास्त असते. शिवाय हा आरएच आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. जावेच्या डॉक्टरांनी तिची नखं एकेक करून उजेडात धरली, बारीक खड्डे आहेत का पाहिलं, मग केसांत आणि कानांमागे खवले शोधले. सोरायसिसचा संधिवात असाच लपतो. घरात कुणाला सोरायसिस असेल, किंवा पावसाळ्यात चिकुनगुनिया होऊन गेला असेल, तर न विचारता सांगा.

आजार आटोक्यात आहे का, हे अँटीबॉडीच्या आकड्यावरून कळत नाही. ती तपासणी दर महिन्याला करून पैसे घालवू नका. सीआरपी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) आणि स्वतःचे सांधे यावर नजर ठेवा. डॉक्टर २८ सांधे मोजतात: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस. घरी अंगठ्याने सांधा दाबा, आपल्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतपतच. दुखला तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण, सुजलेला असेल तर दुसरी खूण. पावलं या २८ मध्ये येत नाहीत, ती वेगळी लिहा. चपलेचा पट्टा घट्ट होऊ लागला हीसुद्धा नोंदच. मी सकाळच्या गजरापासून पोळी लाटता येईपर्यंतचा वेळही लिहिते. डॉक्टर आधी तोच विचारतात.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे आरएची नेहमीची गोळी, आठवड्यातून एकदाच. वार ठरवा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. फॉलिक ॲसिड सांगितलेल्या दिवशी, रक्ताची आणि लिव्हरची तपासणी वेळच्या वेळी. एवढ्याने भागलं नाही तर पुढचं औषध ठरवताना अँटीबॉडीचा रिपोर्ट पुन्हा कामी येतो: रिटुक्सिमॅब सहसा पॉझिटिव्ह रुग्णांत जास्त चांगलं लागू पडतं. तो पहिला कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवा.