स्टाइनबॉर्न, बेंट प्रेस, हिप लिफ्ट: जुन्या लिफ्ट करताना या चुका टाळा

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टिंगचे पाच प्रकार होते आणि त्यांतले दोन एका हाताचे होते. 1928 ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये हे दोन वगळले, 1972 नंतर प्रेसही गेली आणि उरल्या फक्त स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). बेंट प्रेस, स्टाइनबॉर्न, झर्चर, जेफरसन, हिप लिफ्ट यांना ऑलिंपिकमध्ये कधीच जागा नव्हती. त्या टिकल्या त्या ब्रिटन आणि अमेरिकेतल्या छोट्या हौशी क्लबांमुळे. ब्रिटिश संघटनेच्या जुन्या यादीत 42 प्रकार होते. अमेरिकेत मिझुरीच्या बिल क्लार्क यांच्यासारख्या मंडळींनी वर्षानुवर्षं या लिफ्टच्या स्पर्धा भरवल्या. 1987 मध्ये ऑल-राउंड वेटलिफ्टिंगची, म्हणजे अशा जुन्या लिफ्टच्या खेळाची, आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. अमेरिकन नियमपुस्तकात आज दोनशेहून जास्त प्रकार आहेत.

हे क्लब लिफ्ट जपतात म्हणजे तिचा नियम जपतात. वजन कुठून निघतं, मोकळा हात कुठे असतो, लिफ्ट कुठे पूर्ण होते, हे सगळं लिहून ठेवलेलं असतं. यातलं एक जरी सुटलं तरी वजन वर जातं, पण ती लिफ्ट राहत नाही. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांच्या बहुतेक चुका, आणि बऱ्याच दुखापतीही, याच जागी होतात.

स्टाइनबॉर्न: रॅक वापरला की संपलं

हेन्री 'मायलो' स्टाइनबॉर्न हा जर्मन मल्ल पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता. तेव्हा स्क्वॉटसाठी (बार पाठीवर घेऊन उठबस) बार टेकवायचे रॅक नव्हते, म्हणून तो बार एका टोकावर उभा करायचा, त्याखाली बसायचा, बार खांद्यावर आडवा घ्यायचा आणि उठायचा. मग त्याच वाटेने बार परत जमिनीवर. रॅकवरून बार घेतला तर तो साधा स्क्वॉट झाला. उठून झाल्यावर बार मागे टाकून दिला तर अर्धीच लिफ्ट झाली. खाली ठेवणं हाही लिफ्टचाच भाग आहे.

पहिली चूक कॉलरची, म्हणजे प्लेट जागेवर धरणाऱ्या कड्याची. बार उभा केला की खालच्या टोकाच्या प्लेट बाहेरच्या कॉलरवर रेलतात. स्प्रिंगचा कॉलर तिथे दोन-तीन सेंटिमीटर सरकतो. मग बार पाठीवर आडवा होताना त्या बाजूचं वजन मध्यापासून लांब गेलेलं असतं आणि बार तिकडेच कलतो. स्क्रूचे कॉलर लावा आणि प्रत्येक प्रयत्नाआधी हाताने आवळून पाहा.

दुसरी चूक उभं राहण्याच्या जागेची. बार 2.2 मीटर लांब असतो, म्हणजे त्याचा मध्य टोकापासून 1.1 मीटरवर येतो. बार आडवा झाल्यावर हा मध्य बरोबर मणक्यावर यायला हवा. बहुतेक जण खालच्या टोकाला चिकटून उभे राहतात. मग बार पाठीवर पडतो तेव्हा वरच्या टोकाकडे जास्त लांबी उरते आणि ते टोक झपकन खाली जातं. बारच्या मध्यावर रंगीत टेप लावा. 

तिसरी चूक म्हणजे पुरेसं खाली न बसणं. अर्धवट बसलेल्या माणसाच्या मानेवर बार आदळतो. आधी पूर्ण खोल बसा, बारचा मध्य मानेखाली पाठीच्या वरच्या जाड स्नायूंना टेकवा आणि मग कुशीवर कलून बार आडवा होऊ द्या. बार ओढून आडवा करायचा नसतो. शरीर कललं की तो आपसूक येतो.

प्लेट पूर्ण आकाराच्या, म्हणजे 450 मिलिमीटर व्यासाच्या हव्यात. छोट्या प्लेटवर बार फार खाली येतो आणि परत ठेवताना पाठ वाकते. जमीन लादीची असेल तर खालचं टोक घसरतं, म्हणून 15 ते 20 मिलिमीटरचं रबर अंथरा. सुरुवात 20 किलोच्या बारला दोन्ही बाजूंना 10 किलोचा बंपर (रबरी प्लेट) लावून, म्हणजे एकूण 40 किलोवर करा. पुढचे दोन महिने तुमच्या खोल स्क्वॉटच्या चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. मदतनीस दोन असावेत आणि ते टोकांच्या बाजूला असावेत. लिफ्टरच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, कारण बार सुटला तर तो मागेच पडतो.

बेंट प्रेस: दाबायचं नाही, खाली सरकायचं

आर्थर सॅक्सनने 1905 मध्ये एका हाताने सुमारे 168 किलो डोक्यावर नेले, तेही याच लिफ्टने. खांद्याच्या जोराने हे शक्य नाही. बेंट प्रेसमध्ये वजन जवळजवळ जागेवरच राहतं आणि शरीर त्याच्याखालून बाजूला वाकत जातं, इतकं की हात सरळ होतो. मग त्या सरळ हातासकट उभं राहायचं.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईने दाबणं. कोपर बरगडीमागच्या रुंद स्नायूवर टेकलेलं असतं आणि तोच आधार असतो. खांद्याने दाबायला सुरुवात केली की कोपर तिथून सुटतं, आधार जातो आणि वजन पुढे झुकतं. पाहायचं ते मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागाकडे: तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभाच राहायला हवा. आरशात बघू नका. नजर वजनावर ठेवा. नजर खाली गेली की खांदा फिरतो.

उजव्या हाताने करत असाल तर डावा पाय थोडा बाहेर वळवा आणि डाव्या पुढच्या कोपऱ्याकडे वाका. डावा हात मांडीवर किंवा गुडघ्यावर टेकवता येतो. गुडघे वाकवायला इथे परवानगी आहे. साइड प्रेस ही वेगळी लिफ्ट आहे: तिच्यात बाजूला कलता येतं, पण गुडघे सरळ ठेवावे लागतात. क्लबच्या वहीत या दोन लिफ्टची सरमिसळ सतत होते आणि मग विक्रम कुठल्या लिफ्टचा हेच कळत नाही.

लांब बार एका हातात गोल फिरायला लागतो, म्हणून पहिले काही आठवडे 8 किंवा 10 किलोचा डंबेल घ्या. वाकताना कमरेत आवळल्यासारखं किंवा खांद्याच्या मागे बोचल्यासारखं वाटलं तर कारण बहुधा लवचीकपणा कमी असणं हे असतं. वजन कमी करा आणि प्रत्येक वेळी खालच्या टप्प्यावर तीन-चार सेकंद थांबून मगच उठा. इथे घाईचा काहीच फायदा नाही. ही सगळ्यांत सावकाश शिकण्याची लिफ्ट आहे आणि म्हणूनच ती सगळ्यांत आधी विसरली गेली.

एका हाताची डेडलिफ्ट आणि जाड मुठीची कोडी

एका हाताने बार उचलताना तो एका टोकाला झुकतो. लोक जास्त जोरात आवळतात. खरा उपाय पकड सरकवण्याचा आहे: पुढचं टोक खाली जात असेल तर हात पुढच्या टोकाकडे अर्धा ते एक सेंटिमीटर न्या. मध्य टेपने मोजूनच खूण करा. बारवरचा खरखरीत पट्टा मध्यावरच असेल असं धरून चालू नका. आधी हलका ताण देऊन बार सपाट होतोय ना ते पाहा आणि मगच ओढा. हुक ग्रिप, म्हणजे अंगठा बोटांखाली दाबून धरणं, साध्या 28 मिलिमीटरच्या बारवर मोठा आधार देते. मोकळा हात मांडीवर टेकवायला हरकत नाही, पण सरळ उभं राहून लिफ्ट पूर्ण करताना तो शरीरावरून काढलेला हवा. हात न काढल्यामुळे चांगल्या लिफ्ट बाद होतात.

जाड मुठीत हुक ग्रिप लागत नाही, कारण अंगठ्यापर्यंत बोटं पोचतच नाहीत. इथे नेहमीची चूक म्हणजे फिरत्या स्लीव्हच्या (प्लेट बसतात ती टोकं) 50 मिलिमीटरच्या बारवर सराव करून 'अपोलॉनची चाकं' या फ्रेंच ताकदवान अपोलॉनच्या प्रसिद्ध जाड बारची तयारी झाली असं समजणं. त्या चाकांचा दांडा सुमारे 49 मिलिमीटरचा, वजन 166 किलो आणि चाकं दांड्याला पक्की बसवलेली. सगळं मिळून एकत्र फिरतं, त्यामुळे बार खांद्यावर घेताना मनगट उलटतं. 1930 मध्ये शार्ल रिगुलो आणि पुढे जॉन डेव्हिस व नॉर्बर्ट शेमान्स्की यांनी तो बार डोक्यावर नेला. सरावाचा दांडा घडवून घेताना व्यासाइतकंच चाक घट्ट बसवणंही महत्त्वाचं आहे.

झर्चर आणि जेफरसनबद्दल थोडक्यात. झर्चरमध्ये बार जमिनीवरून आधी मांड्यांवर घ्यायचा, बसायचं आणि मग कोपराच्या खळग्यात घ्यायचा. टॉवेलची जाड गुंडाळी केली तर बार शरीरापासून लांब जातो आणि पाठीवर ताण येतो. जेफरसनमध्ये बारवर दोन्ही पाय फाकून उभं राहतात, एक हात पुढे आणि एक मागे. ज्या बाजूने शिकलात त्याच बाजूने कायम करत राहिलात तर कंबर एकाच दिशेने पिळवटते. दर सत्रात बाजू बदला.

हिप लिफ्ट: इथे साखळी चुकली तर चूक परत दुरुस्त होत नाही

कमरेच्या पट्ट्याला साखळी, साखळीला वजनाचा बार, आणि पाय सरळ करून सगळं दोन-तीन सेंटिमीटर वर. आकडे मोठे होतात म्हणून ही लिफ्ट लोकांना आवडते. सांगाडा चांगला साथ देतो, पण साहित्याने साथ दिली पाहिजे.

हार्डवेअरच्या दुकानातली शोभेची साखळी आणि किल्ल्या अडकवायचा कॅराबिनर इथे नको. ग्रेड 80 ची साखळी घ्या: 8 मिलिमीटरच्या साखळीची सुरक्षित भारक्षमता 2 टन असते. शॅकलवर, म्हणजे साखळी जोडायच्या पोलादी कडीवर, भारक्षमता कोरलेली हवी. काहीच कोरलेलं नसेल तर ते वापरू नका.

8 मिलिमीटरच्या साखळीत एक कडी म्हणजे 24 मिलिमीटर. म्हणून एक कडी वर-खाली केली की उंची एकदम बदलते. लांब ठेवली तर पाय सरळ होऊनही वजन जमिनीला टेकलेलंच राहतं. आखूड ठेवली तर गुडघे फार वाकतात आणि जोर निघत नाही. मधली उंची हवी असेल तर पायाखाली 6 किंवा 12 मिलिमीटरचं प्लायवुड घाला. दोन्ही पायांखाली सारखंच. फळी नरम किंवा तडकलेली असेल तर ओझं येताच ती दबते आणि केलेला हिशेब वाया जातो.

पट्टा कमरेच्या वर नसावा. तो नितंबावर, ओटीपोटाच्या हाडांखाली बसला पाहिजे. वर सरकला की ताण थेट कंबरेच्या मणक्यांवर जातो. वजन उचललं गेलंय की नाही हे पाहायला पंच खाली झुकून चारही बाजूंना उजेड दिसतोय का ते बघतो. वजनाखाली बोटं घालून तपासायचं नाही. खाली सरकवायला पातळ पोलादी पट्टी ठेवा.

बोटाच्या लिफ्टबद्दल एवढंच: झटका देऊ नका, वजन 2.5 किलोच्या टप्प्याने वाढवा, आणि बोटाच्या मुळाशी टकटक ऐकू आली किंवा सूज दिसली तर ते बोट काही आठवडे बाजूला ठेवा.

वही, काटा आणि पंच

नोंद नसेल तर लिफ्ट जपली गेली असं म्हणता येत नाही. जिमच्या प्लेटवर 20 लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात वजन काहीशे ग्रॅम इकडेतिकडे असू शकतं. प्रत्येक प्लेट, बार आणि कॉलर तपासलेल्या काट्यावर तोला आणि खरं वजन खडूने किंवा पेंटने लिहा. जुन्या नोंदी पाउंडात आहेत: 1 पाउंड म्हणजे 0.4536 किलो. आधी पाउंडाचा आकडा जसाच्या तसा उतरवा, मग किलो लिहा, आणि आकडा पूर्णांकात बसवू नका. नोंदीत लिफ्टचं नाव, हात, मुठीची जाडी, लिफ्टरचं वय आणि त्या दिवशीचं शरीरवजन हवं, कारण चाळिशीपासून पुढे वयाचा आणि सगळ्यांसाठी शरीरवजनाचा हिशेब निकालात धरला जातो. पंचाने 'खाली' म्हणण्याआधी वजन खाली आलं तर तो प्रयत्न गेला. मैत्रीत ही सूट दिली की वहीतल्या आकड्यांना किंमत राहत नाही.

महाराष्ट्रातल्या तालमींत नाल, म्हणजे मूठ असलेला जड दगड, उचलण्याची जुनी पद्धत आहे आणि तिला हेच सगळं लागू होतं. एखाद्या तालमीला आपला नाल जपायचा असेल तर तो काट्यावर तोलून त्याचं वजन किलोत दगडावर किंवा भिंतीवर लिहा, मुठीचा घेर दोऱ्याने मोजून पट्टीवर वाचा, आणि 'उचलला' म्हणजे मांडीपर्यंत, छातीपर्यंत की डोक्यावर सरळ हाताने, हे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा. मग दुसऱ्या गावच्या तालमीतल्या मुलाला तशाच वजनाच्या नालावर तीच लिफ्ट करून दाखवता येईल.